लांब बाह्यांची जादूगारीण

आमच्या वरच्या मजल्यावर काही काळ एक जादूगारीण भाड्याने राहत होती. वय पंधरा, इयत्ता नववी, आणि भर मे महिन्यात अंगात वडिलांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंबाजोगाईच्या उन्हात माणसं बनियनवर येतात. ही मनगटापर्यंत गुंड्या लावून फिरायची. "उकडत नाही का गं?" असं विचारलं की म्हणायची, "उकडतंय की. पण आजी, जादूला झाकण लागतंय."

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात जादूगारांच्या जाडजूड पुस्तकांत डोकं घालून बसता आणि फोनवर मला विचारता की भारतात खरी जादू असते का. म्हणून हिच्याबद्दल लिहिते. तिचं खरं नाव सांगणार नाही. ती आता कॉलेजात आहे आणि या गोष्टी निघाल्या की लाजते. तेव्हा गल्ली तिला 'छूमंतर' म्हणायची आणि शाळेत तिचं नुसतं 'छू' झालं होतं. मीही तेच वापरते.

ते लोक तेलगावकडून आले. वडील जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, आई आदल्या वर्षी आजारपणात गेलेली. घरात दोघंच. सामान चढवून झाल्यावर छू प्यायला पाणी मागायला खाली आली. पाणी पिऊन माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आजी, तुमच्या कानामागं कायतरी हाय." आणि तिथून तिने माझ्या कपाटाची किल्ली काढली. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. ती किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते आणि माठ त्या खिळ्याच्या खालीच आहे, हे मला ती वर निघून गेल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली कमरेला खोचायला लागले.

हे सगळं ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होती. प्रत्येक प्रयोगाआधी तिचं एक वाक्य ठरलेलं असे: "माझ्याकडं न्हाई, हाताकडं बघा." हे ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की ही चेष्टा तर करत नाही ना हे पाहायला माणूस हमखास तिच्या तोंडाकडे बघे. तेवढ्यात हाताचं काम उरकलेलं असे.

सराव करायला माणसं मिळाली नाहीत तर ती वडिलांच्या दवाखान्यात जाई. तिथले पेशंट तक्रार करत नाहीत. एकदा तिने एका शेळीच्या कानामागून नाणं काढून दाखवलं. शेळीच्या मालकाने तोंडात बोट घातलं. शेळीने मात्र नाणं तोंडात घातलं आणि गिळलं. "आता हे पण परत आणून दाखव," मालक म्हणाला. तो प्रयोग वडिलांनी पूर्ण केला, काही दिवस त्या शेळीच्या मागे मागे हिंडून.

शाळेत सुरुवातीला तिला कुणी ओळखत नव्हतं. ती वर्गात हजर असताना बाई तिची गैरहजेरी मांडत. "आजी, मी हात वर केलता, तरी दिसले न्हाई," असं ती मला सांगायची. म्हणजे जादू यायच्या आधी तिला गायब होणं आपोआप जमत होतं. दिसायला लागण्यासाठी तिला जादू शिकावी लागली. आणि एकदा दिसायला लागल्यावर मात्र ती सगळीकडे दिसायला लागली. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती गराडा. तिचे हात मोबाइलमध्ये, तिचा शर्ट मोबाइलमध्ये. नववीच्या निम्म्या मुली भर उन्हात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून यायला लागल्या आणि त्यांच्या आया मला विचारायला लागल्या की ही काही नवी फॅशन आहे का.

मग परीक्षा आली. कुणाच्या तरी पेनावर छूने गमतीने फुंकर मारली आणि तो मुलगा गणितात पास झाला. तो त्याआधी प्रत्येक परीक्षेत नापास व्हायचा, त्यामुळे हा चमत्कार दडपून ठेवणं शक्यच नव्हतं. पुढच्या पेपरच्या सकाळी आमच्या जिन्यावर पेनं घेऊन रांग लागली. छूने अट घातली: "ज्यो धडा एकदा तरी वाचला असंल, त्याच्यावरच माझी फुंकर चालती. न वाचलेल्याची गॅरंटी न्हाई." मुलांनी त्या भीतीने धडे वाचले. बरेच जण पास झाले आणि त्याचं सगळं श्रेय फुंकरेला गेलं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण धडा वाचून या हे सांगण्याची ही पद्धत मला कधी सुचली नव्हती.

त्या रांगेत एक दिवस एक पालकही उभे राहिले. त्यांना मुलाच्या नोकरीच्या अर्जावर फुंकर हवी होती.

आमच्या भागात माणूस प्रसिद्ध झाला की नाही हे चौकातल्या फ्लेक्सवरून कळतं. एका तरुण नेत्याचा वाढदिवस होता. नेता अजून कुठलीच निवडणूक जिंकलेला नव्हता, पण वाढदिवस दर वर्षी जोरात जिंकत असे. त्याच्या फ्लेक्सवर, गॉगल लावलेल्या कार्यकर्त्यांच्या मांदियाळीत, एका कोपऱ्यात छू झळकली. खाली लिहिलं होतं 'जादूसम्राज्ञी'. फ्लेक्सवाल्याने तिलाही गॉगल लावला होता, कारण त्याच्याकडे बिनगॉगलचा साचा नव्हता. तिच्या वडिलांनी त्या फ्लेक्ससमोर गाडी थांबवली, बराच वेळ बघितलं, आणि मला येऊन विचारलं, "मावशी, ही आपलीच का?"

वाढदिवसाला तिला स्टेजवर बोलावलं. नेता माइकवर म्हणाला, "पोरी, आपल्या विरोधकाला गायब करून दाखव." लोक हसले. छू म्हणाली, "साहेब, सुरवात गॉगलपासून करू." तिने त्याचा गॉगल रुमालात गुंडाळला, रुमाल झटकला, आणि गॉगल नाहीसा झाला. आता तो कुणाच्या तरी खिशातून निघायला हवा. तो निघाला नेत्याच्या उजव्या हाताच्या खिशातून. म्हणजे नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या. छूने मला नंतर सांगितलं की त्याचाच खिसा सगळ्यात जवळ आणि उघडा होता, एवढंच कारण. पण नेत्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, ही पोरगी काहीतरी सुचवते आहे. कार्यकर्त्यालाही वाटलं, हिला कळलं. कारण तो खरोखरच विरोधकाच्या घरी चहाला जाऊन आला होता. थोड्याच दिवसांत त्याने उघडपणे पक्ष बदलला, आणि गावभर झालं की छूमंतरला माणसाच्या पोटातलं दिसतं. पुढच्या फ्लेक्सवर तिच्या जागी एक कुत्रा होता, तोही गॉगल लावलेला.

तिच्यावर खरोखर विश्वास ठेवणारं माणूस कदाचित एकच होतं: तिची आत्या. वडिलांची ही थोरली बहीण तेलगावला असे. ऊस, कापूस, घर आणि घरातली सगळी माणसं ती एकटी सांभाळायची. आली की चपला काढायच्या आत निर्णय सुरू व्हायचे. ती भाचीला फार घाबरायची. "पोरीच्या हातात विद्या हाय," असं मला हळू आवाजात सांगायची. "आई गेल्यामागं आलेलं हाय हे. हसू नगा तुमी." आणि छूने दिलेला चहा आधी भावाला प्यायला लावायची.

हाताकडे खरोखर बघणारं माणूसही एकच निघालं.

ती बाई एसटीत कंडक्टर होती. लग्न होऊन मोडलेलं, आईबरोबर राहायची. आईच्या म्हशीला लस द्यायला म्हणून दवाखान्यात आली, आणि मग ती म्हैस इतक्या वेळा आजारी पडायला लागली की मला त्या म्हशीची काळजी वाटायला लागली. शेवटी एका रविवारी छूच्या वडिलांनी तिला घरी चहाला बोलावलं आणि बरोबर कुणीतरी मोठं असावं म्हणून मलाही. छूने लगेच आपलं दुकान मांडलं. नाणं घेतलं, म्हणाली, "माझ्याकडं न्हाई, हाताकडं बघा." मूठ वळली, फुंकर मारली, मूठ उघडली. रिकामी.

बाईने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "डाव्या बाहीत हाय. सुट्टं असंल तर दे बाई मला, लई टंचाई हाय."

छू चकित झाली. "तुमाला कसं कळलं?"

"तूच म्हणलीस की हाताकडं बघा. मी बघितलं. दिवसभर हातच बघते मी. कोण खिशात हात घालतंय, कोण घातल्यासारखं करतंय."

ती गेल्यावर छू धाडधाड जिना उतरून माझ्याकडे आली. "आजी, ती बाई हाताकडं बघती!" असं तिने अन्याय झाल्यासारखं सांगितलं. पण पुढच्या रविवारी वडिलांना तिनेच विचारलं, "त्या आज येणार न्हाईत का?" नवा प्रयोग तिने दिवसभर घोटून ठेवला होता.

लग्न ठरलं. त्याच सुमारास शाळेत छूचे दिवस फिरले. वर्गातल्या एका मुलीने तिच्या प्रयोगाचा व्हिडिओ अगदी हळू करून टाकला, त्यात नाणं बाहीत सरकताना स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तो शाळाभर झाला. फुंकर मारून घेतलेले मुलगेसुद्धा "आपल्याला आधीच माहीत होतं" असं म्हणू लागले. जिना रिकामा झाला, मुलींच्या बाह्या पुन्हा अर्ध्या झाल्या. वर्गातल्या बाई परत तिची गैरहजेरी मांडायला लागल्या की काय, अशी मला शंका येई.

छूने ठरवलं की वडिलांच्या लग्नात असा प्रयोग करायचा की सगळ्यांची तोंडं बंद. सगळ्या वर्गाला बोलावलं. दवाखान्यात पंख दुखावलेलं एक कबुतर बरं झालं होतं, ते तिने वर आणलं आणि त्याला बाहीत बसायची सवय लावली. लग्नात नवरीचं नवं नाव तांदळात लिहितात. त्या ताटावर शाल घालायची, मंत्र म्हणायचा, आणि शालीतून कबुतर उडवायचं. "आजी, हे जमलं की मी परत वर," असं ती मला म्हणाली. सराव अगदी चोख झाला होता. कबुतर माझ्या फ्रिजवर बसायचं आणि मी ते सहन करायचे.

नवं नाव म्हणजे काय, ते तुमच्यासाठी सांगते. आपल्याकडे लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने बायकोचं सासरचं नाव लिहितो. मग ते मोठ्याने वाचतात आणि पेढे वाटतात. आता हे सगळ्या घरांत होत नाही, पण आत्याच्या घरात आत्याच्या मनाप्रमाणेच व्हायचं. ती लग्नाआधी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "नाव सुमनच ठिवायचं."

सुमन हे छूच्या आईचं नाव.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "का बरं?"

"आता कावून बदलायचं? समद्या भांड्यांवर सुमनच हाय." आत्याने मांडणीवरून एक ताट खाली काढलं आणि मला कडेला कोरलेली अक्षरं दाखवली. 'सौ. सुमन'. ताटं, तांबे, पराती, डबे, अगदी झाऱ्यावरसुद्धा. "हे समदं परत कोरायचं का? गॅस सुमनच्या नावावर, रेशनला सुमन, बचत गटात सुमन. नवीन नाव घातलं की हेलपाटे कुणी घालायचे?"

"पण तिचं स्वतःचं नाव आहे की, मंगल. तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? ड्यूटीवर मंगल ऱ्हा म्हणावं. घरी आली की सुमन."

छूचे वडील तिथेच उभे होते. वळूच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. पण ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

त्या दुपारी छू तेच ताट हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. कुठलाही प्रयोग न करता बसली. बराच वेळ ती अक्षरांवरून अंगठा फिरवत होती.

"आजी, त्या चांगल्या हायत. त्यांना आई म्हणायला माझी ना न्हाई. पण आईचं नाव त्यांना दिलं, तर मग आईला काय म्हणायचं? पहिली सुमन?"

"पप्पांना सांगितलंस?"

"सांगितलं. पप्पा म्हणले, अक्काला कोण सांगणार."

मीच आत्याशी बोलले. चांगल्या, मुद्देसूद शब्दांत बोलले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी इंग्रजीच्या मास्तरीण होत्या ना?" आणि आपल्या कामाला लागली. पेढ्यांच्या डब्यांवर 'सुमन' छापूनही आलं.

लग्न साधंच होतं. एक छोटं कार्यालय, शंभरेक माणसं, मागच्या खुर्च्यांवर नववीचा सगळा वर्ग मोबाइल सरसावून. मी नवरीच्या बाजूलाच बसले होते. वडिलांनी अंगठीने तांदळात 'सुमन' लिहिलं. अक्षर असं काढलं की जणू कुणी हात धरून लिहून घेतंय. नवरीने ते वाचलं. तिचा चेहरा बसमध्ये सुट्टे पैसे नसलेल्या माणसाकडे बघतानाचा असतो तसा झाला, म्हणजे काहीच झाला नाही.

गुरुजी नाव वाचणार तेवढ्यात छू पुढे आली. "थांबा. आधी जादू!" वर्गाने शिट्ट्या मारल्या. तिने ताटावर शाल पसरली, शालीचं एक टोक नवरीच्या मांडीवर आलं. छूने दोन्ही हात शालीखाली घातले आणि मंत्र सुरू केला.

आणि मला दिसलं की ती कबुतर काढत नाहीये. तिचा उजवा कोपर मागेपुढे होत होता, ओटा पुसताना होतो तसा. ती तांदूळ पुसत होती. मंत्र चाललाच होता. पण मनगटाची गुंडी तिने आधीच सोडून ठेवली होती, आणि कबुतराला त्याची सवय होती. ते डाव्या बाहीतून स्वतःच बाहेर आलं, शालीच्या कडेने डोकं काढलं आणि आरामात चालत निघालं. आधी एक जण हसला, मग सगळा वर्ग. "बाहीतून निघालं! घे, घे, रेकॉर्ड कर!" एका हाताने ते परत आत ढकलणं सहज शक्य होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. वर्गाकडे बघितलं. तोंड लालबुंद झालं, पण हात शालीखालून काढले नाहीत. ती पुसत राहिली. कबुतर गुरुजींच्या पाटावर चढलं, तिथून उडून मांडवाच्या झालरीवर बसलं, आणि लोकांच्या हसण्याने कार्यालय दुमदुमलं.

मग तिने शाल उचलली.

तांदळात नाव होतं. 'मंगल'. ठळक, सरळ, भराभर काढलेली अक्षरं.

हसणं एकदम थांबलं. सगळ्यात जास्त दचकली होती ती छू. ताटाकडे बघत ती नुसती उभी राहिली. आत्या खुर्चीवरून उठली, पुढे आली, ताट पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मागे सरली. "आगं बया! सुमननीच पुसलं गं. न्हाई पटलं तिला." आणि ताटाला हात जोडले.

वडिलांनी घसा खाकरला. "अक्का, आता नाव आलंय ना? मग ऱ्हाऊ दे." त्यांच्या तोंडून अक्काला इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ताटात एकदा उमटलेलं नाव पुसत नाहीत," गुरुजींनी शास्त्र सांगितलं, आणि वाचलं: "मंगल." स्वयंपाक तयार असल्याचा निरोप त्यांना मघाशीच आला होता. आत्या स्वतः पेढ्यांचे डबे घेऊन बसली आणि वरचं नाव नखाने खरवडायला लागली.

लोक पंगतीकडे वळले. छू माझ्याजवळ वाकून कुजबुजली, "आजी, शप्पत, मी फक्त पुसलं. लिहिलं न्हाई."

तेवढ्यात नवरी शालू सावरत उठली. तिने हात झटकला तसे हिरव्या बांगड्यांमधून तांदळाचे दाणे पाटावर पडले. छू दाण्यांकडे बघत राहिली. मग तिच्याकडे.

"काय बघतीस?" नवरी म्हणाली. "तुझं पाखरू बघ की. पंख्यात जाईल ते."

कबुतर झालरीवरून उडून खरंच पंख्याच्या दिशेने निघालं होतं. छू खुर्चीवर चढली, दोन्ही हात वर केले आणि मागे वळून ओरडली, "मी धरते, तू बटण बंद कर!"

नवरी शालू गुडघ्यापर्यंत वर उचलून बटणाकडे पळाली.

मुलांनो, इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळे तिथे काय घडलं ते तुमच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. त्या क्षणापर्यंत छू तिला 'तुम्ही' म्हणत होती. आपल्याकडे बापाला, आत्याला, शेजारच्या आजीला 'तुम्ही' म्हणतात. 'तू' फक्त आईला.